‘इच्छामरण’ हा शब्द उपशामक सेवेला चिकटला कसा

उपशामक सेवा म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा; शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना ती देणारं केंद्र म्हणजे हॉस्पिस. देशातलं पहिलं हॉस्पिस १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू झालं. त्याच्या आदल्याच वर्षी अमली पदार्थांचा कायदा आला होता. मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचं अफूपासूनचं औषध; ते ठेवायला एकामागून एक परवाने लागू लागले, तसा रुग्णालयांनी त्याचा नाद सोडला. डॉक्टरांची एक पिढी ती गोळी न हाताळताच निवृत्त झाली. ‘मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलं’ ही समजूत त्या काळात घट्ट झाली. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचं जंजाळ कमी केलं, समजुतीला धक्का लागला नाही.

खरा गुंता २०११ चा. परळच्या पालिका रुग्णालयात १९७३ पासून निपचित पडलेल्या अरुणा शानबाग या परिचारिकेला मरू द्यावं म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, पण ‘पॅसिव्ह युथनेशिया’ला, म्हणजे जगवून ठेवणारे उपचार न देण्याला किंवा थांबवण्याला, अटींसह वाट दिली. मराठीत त्याचं ‘निष्क्रिय इच्छामरण’ झालं. इच्छामरण म्हटलं की आपल्याला भीष्म आठवतात, मरणाचा मुहूर्त स्वतः ठरवणारे. निरुपयोगी ठरलेला व्हेंटिलेटर न लावणं हे तसं नव्हेच. आजार आपल्या गतीने पुढे जातो, दुखण्यावर आणि धापेवर उपचार चालूच राहतात. बरं, त्या याचिकेला विरोध करणाऱ्या परिचारिकांनी इतक्या वर्षांत तिला एक बेडसोर होऊ दिला नव्हता. उपशामक सेवा यापेक्षा निराळी काय असते?

घराघरांत याची किंमत मोजली जाते. ‘बाबांना सांगू नका’ म्हणत फाइल कपाटात जाते, आणि मॉर्फिन ‘अगदीच सहन होईना’ तेव्हा देतात. साध्या गोळीचा असर साधारण चार तासच टिकतो. म्हणून डॉक्टर सहसा ५ किंवा १० मिलिग्रॅमपासून, दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायला सांगतात. पहिले दोन-तीन दिवस गुंगी राहते. घरचे घाबरून गोळी थांबवतात आणि दुखणं उसळतं. गुंगी बहुधा ओसरते, बद्धकोष्ठ ओसरत नाही. त्यामुळे पोट साफ करणारं औषध पहिल्या दिवसापासूनच हवं. तिथेही इसबगोल नको: पाणी जेमतेम पिणाऱ्याच्या आतड्यात त्याचा गोळा बसतो.

उपचार कुठवर करायचे हे आधी लिहून ठेवण्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली, पण दंडाधिकाऱ्याच्या सहीपायी कागद अडत. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. उपचार थांबवायचे का यावर तीन डॉक्टरांच्या मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. मुंबईत हे कागद सांभाळायला पालिकेने अधिकारी नेमले आहेत. एक प्रत त्यांच्याकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे.