इंदूर कंपोस्ट पद्धत

काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून आणि ढीग ठरावीक अंतराने उलटून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत. इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री या संस्थेत साधारणतः १९२४ ते १९३१ या काळात ती आकाराला आली व ॲल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तिचे मूळ चिनी शेतकऱ्यांच्या प्रथेत पाहतात, तर काही इंग्लंडमधील रॉथमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात १९२१ च्या सुमारास झालेल्या कृत्रिम शेणखताच्या प्रयोगांचा प्रभाव मानतात. मूळ कल्पना जुनी असून तिला प्रमाणबद्ध रूप इंदूरला मिळाले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. श्रेय मात्र बहुधा एकट्या हॉवर्ड यांनाच दिले जाते.

कुजण्याची क्रिया मुख्यतः कर्ब व नत्र यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. आरंभी ते २५ ते ३५ : १ असावे; याहून कर्ब अधिक असल्यास सूक्ष्मजीवांना नत्र अपुरे पडून क्रिया रेंगाळते, तर नत्र अधिक असल्यास ते अमोनियाच्या रूपाने उडून जाते. गव्हाच्या काडात हे गुणोत्तर बरेच जास्त असल्याने त्याला शेणाची जोड लागते. सुरुवातीस मध्यतापी (मध्यम तापमानात वाढणारे) जीवाणू साखर, स्टार्च यांसारखे सहज कुजणारे पदार्थ संपवतात आणि त्यांच्या श्वसनातून निर्माण होणारी उष्णता ढिगातच कोंडल्याने तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. या टप्प्यात तणांचे बी व बरेच रोगकारक जीव नष्ट होतात. ढीग निवल्यावर बुरशी व ॲक्टिनोमायसीट (बुरशीसारखे तंतुमय जीवाणू) सेल्युलोजवर आणि सावकाशपणे लिग्निन या वनस्पतींना कठीणपणा देणाऱ्या चिवट घटकावर काम करतात. पराटी (कपाशीची वाळलेली झाडे) व तुराटी (तुरीची वाळलेली झाडे) यांत लिग्निन भरपूर असते, म्हणून इंदूरला ती शेतरस्त्यावर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत.

ओलावा ५० ते ६० टक्के असावा. पाणी जास्त झाल्यास पोकळ्या भरून प्राणवायू तुटतो व दुर्गंधी सुटते. ढीग उलटण्याचा मुख्य हेतू प्राणवायू पुरवणे हाच होय.

बंगळूर पद्धतीत ढीग मातीने लिंपून न उलटता ठेवतात. त्यामुळे नत्राचा ऱ्हास कमी होतो, पण वेळ अधिक लागतो. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण पांढरीपांडे यांच्या नाडेप पद्धतीत हौदाच्या भिंतींना भोके ठेवून हवा खेळती राखतात.