पाणचक्कीवाल्यांचा गव्हर्नर विमानात कसा पोचला

इंदूरच्या बिजासन टेकडीजवळच्या विमानतळावर येणाऱ्या एटीआर या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) प्रवासी विमानात वैमानिक इंजिनाची ताकद कमी-जास्त करतो, तरी पंख्याच्या फेऱ्या ठरल्या आकड्यावर टिकतात. फेऱ्या वाढू लागल्या की पाती जास्त तिरपी होतात, त्यांच्यावर हवेचा भार वाढतो आणि वेग आवरतो. आज हे इलेक्ट्रॉनिक्स पाहतं. युक्ती मात्र गिरणीतली.

फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर, म्हणजे वेग आपोआप ठरल्या आकड्यावर ठेवणारं यंत्र, पवनचक्क्यांत आधीपासून होता; 1788 मध्ये जेम्स वॉटने तो वाफेच्या इंजिनावर चढवला. अडलं होतं ते उडताना पाती वळवण्यापाशी. ब्रिटनमध्ये हेले-शॉ आणि बीचम यांनी 1924 मध्येच स्थिर फेऱ्यांच्या पंख्याचं पेटंट घेतलं, पण तेव्हाच्या संथ विमानांना त्या वजनाचा खटाटोप परवडणारा नव्हता.

गरज भासली ती बोइंग 247 या विमानाला. इंदूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेपाचशे मीटर. अमेरिकेतलं शायेन अठराशेच्या वर. तिथल्या विरळ हवेत हे विमान धावपट्टीवरून उठताना रडकुंडीला यायचं. हॅमिल्टन स्टँडर्ड या पंखे बनवणाऱ्या कंपनीच्या फ्रँक कॉल्डवेलने दोन कोनांचा पंखा दिला, त्यासाठी 1933 ची कॉलियर ट्रॉफी, म्हणजे अमेरिकेतला विमानविद्येचा मानाचा पुरस्कारही मिळाला. माझ्या मते मात्र तो अर्धाच तोडगा होता, कारण मधल्या स्थितींत फेऱ्या मोकाटच. ती उणीव भरून काढली वुडवर्ड कंपनीने, जिचा पिढीजात धंदा पाणचक्क्यांचे गव्हर्नर बनवण्याचा!

पिस्टन इंजिनावरचा हा गव्हर्नर मुठीत मावेल एवढा. आतला पंप इंजिनाच्याच तेलाचा दाब वाढवतो. वर दोन वजनं गरगरतात, त्यांना एक स्प्रिंग दाबून धरते. फेऱ्या वाढल्या की वजनं बाहेर फाकतात, मधला छोटा व्हॉल्व्ह उचलला जातो आणि पाती वळवणाऱ्या तेलाची वाट बदलते. कॉकपिटमधली निळी दांडी पात्यांना हातच लावत नाही, फक्त स्प्रिंग आवळते किंवा सैल करते.

तेल गेलं तर? एक इंजिनाच्या बहुतेक विमानांत पाती कमी कोनाकडे जातात, म्हणजे निदान चढता येतं. दोन इंजिनांच्या विमानांत उलट: पाती वाऱ्याच्या रेषेत उभी राहतात, नाहीतर बंद पंखाच विमानाला मागे खेचेल. म्हणूनच उड्डाणाआधी वैमानिक निळी दांडी मागे ओढून पाहतो. फेऱ्या घसरायला हव्यात, आणि हबमधलं, म्हणजे पंख्याच्या मधल्या गाभ्यातलं, थंड तेल निघून गरम तेल यायला हवं.