सुपरपोझ्ड आणि सितोरी: वापरलेली दुनळी पारखताना

अमेरिकेत वापरलेल्या बंदुकांच्या दुकानात ब्राउनिंग या एकाच नावाच्या दोन दुनळ्या बंदुका पुष्कळदा शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. एक बेल्जियममध्ये घडलेली सुपरपोझ्ड, दुसरी जपानमध्ये घडलेली सितोरी. दोन्हींच्या नळ्या एकावर एक बसवलेल्या असून बाह्यरूपही इतके जवळचे असते की किमतीतील मोठ्या फरकाचे कारण नवख्या ग्राहकाला उमगत नाही. जी महाग ती नेमबाजीसाठी अधिक चांगली, असा समज मग सहज होतो आणि माझ्या मते तो चुकीचा आहे.

सुपरपोझ्डचा आराखडा जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा. १९२६ मध्ये बेल्जियममध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे पुत्र व्हॅल यांनी उरलेले काम पूर्ण केले आणि १९३१ मध्ये ही बंदूक बाजारात आली. बेल्जियममधील एर्स्टाल येथे एफएन या शस्त्रनिर्मात्या कंपनीच्या कारखान्यात कारागीर तिचे भाग कानशीने घासून एकमेकांत बसवत. मजुरी वाढत गेल्यावर ही पद्धत परवडेनाशी झाली, आणि १९७३ मध्ये मिरोकू या जपानी कंपनीने घडवलेली सितोरी आली. दोघींना ओळखण्याची सोपी खूण नळ्यांखालच्या लाकडात आहे: सितोरीचे ते लाकूड पूर्ण निघून हातात येते, तर सुपरपोझ्डचे फक्त पुढे सरकते आणि नळ्यांनाच धरून राहते.

सुपरपोझ्ड विकत घेताना सर्वांत जास्त वेळ द्यावा तो लाकडाला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९७० च्या आसपास ब्राउनिंग कंपनीने अक्रोडाचे लाकूड लवकर सुकवण्यासाठी मीठ वापरले. ते मीठ लाकडात राहिले, हवेतील ओलावा ओढत राहिले आणि लाकडाला टेकलेले पोलाद आतून खात गेले. अशी बंदूक बाहेरून झकपक दिसू शकते. म्हणून दस्त्याच्या मागची पट्टी उघडून तिचे स्क्रू गंजलेले आहेत का ते पाहावे, लाकूड आणि धातू जिथे भेटतात तिथल्या कडा भिंगाखाली तपासाव्यात, आणि विक्रेत्याची परवानगी असल्यास पट्टीखालच्या उघड्या लाकडावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकावा. मीठ असेल तर तिथे पांढुरका साका धरतो. त्या काळातील बंदूक तपासू न देणाऱ्या विक्रेत्याशी घासाघीस करण्यात अर्थ नाही.

सितोरीच्या बाबतीत ही धास्ती नाही. तिच्या क्रमांकातील दोन अक्षरांवरून वर्षही कळते: ‘एन’ म्हणजे ९ आणि ‘एम’ म्हणजे ०, म्हणून ‘एनएम’ ही १९९० ची बंदूक. मात्र संग्राहक तिच्या वर्षासाठी सहसा जादा पैसे मोजत नाहीत. तिची किंमत नळीची लांबी, दस्त्याचे माप आणि झीज यांवर ठरते.

झीज पाहण्याची रीत दोघींना सारखीच आहे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती बंद करावी व बंदूक उघडण्याची वरची कळ कुठे थांबते ते मागून पाहावे. उजवीकडे थांबली तर सांधा अजून घट्ट आहे. मध्यरेषेवर आली तर बराच वापर झाला आहे. डावीकडे गेली असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करावा. पोलाद घासून नवा मुलामा दिलेली बंदूक मात्र दोन ठिकाणी दोन अर्थ सांगते. कोरलेल्या अक्षरांच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या सुपरपोझ्डची संग्राहकांच्या बाजारातील किंमत बरीच खाली येते. सितोरीत तेवढाच दोष फारसा कोणी मनावर घेत नाही.

उरला चोक, म्हणजे छर्रे किती पसरावेत हे ठरवणारा नळीच्या तोंडाजवळचा आवळ. सुपरपोझ्डचा चोक पक्का असतो आणि तो नळीवर ताऱ्यांनी नोंदवलेला असतो: एक तारा सर्वांत घट्ट, तीन तारे पूर्ण मोकळी नळी. कोणी आतून चोक मोकळा केला असेल तर खूण आणि माप जुळत नाहीत, म्हणून मापक घालून पाहावे. १९८० च्या दशकापासूनच्या अनेक सितोरींत चोक पेचाने बदलता येतो. हा फरक सोयीपुरता नाही. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांना कायद्याने बंदी आहे, आणि बेल्जियन सुपरपोझ्डमध्ये पोलादी छर्रे वापरू नयेत असे खुद्द ब्राउनिंग कंपनीच सांगते. बदकांच्या शिकारीसाठी बंदूक घेणाऱ्याने म्हणून पेचाच्या चोकची सितोरी घ्यावी. लाकूड बदललेली, मिठाचा त्रास संपलेली सुपरपोझ्ड स्वस्तात मिळाली तर ती क्ले पिजन, म्हणजे नेमबाजीसाठी हवेत उडवलेल्या चकत्या, फोडण्यासाठी उत्तम आहे, फक्त ती पुढे मूळ स्थितीतील बंदुकीच्या भावाने विकली जाणार नाही.