सत्ता मोजायची कशी? पावत्या मोजून, रस्ते खणून

न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय आहे, त्यामुळे जगातल्या जवळजवळ प्रत्येक देशाचे राजनैतिक अधिकारी त्या शहरात राहतात. गाडी लावायला तिथे जागा मिळत नाही, ही शहराची जुनी रड. या अधिकाऱ्यांना मात्र एक सोय होती. नो पार्किंगमध्ये गाडी लावली तर पोलीस पावती फाडायचे, काचेवर अडकवायचे. पण राजनैतिक संरक्षणामुळे दंड वसूल करता येत नसे. भरला तर भरला, नाही तर नाही. १९९७ ते २००२ या पाच वर्षांत न भरलेल्या पावत्यांची संख्या दीड लाखावर गेली आणि थकलेला दंड १ कोटी ८० लाख डॉलरच्या पुढे.

नगरपालिकेच्या दृष्टीने ही डोकेदुखी. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या दोन अर्थशास्त्रज्ञांना मात्र त्यात आयता प्रयोग दिसला. शहर एक, रस्ते तेच, दंड तोच आणि तो न भरण्याची मुभाही सगळ्यांना सारखीच. फरक एवढाच, की माणूस कुठल्या देशातून आला आहे. मग त्यांनी देशवार पावत्या मोजल्या. कुवेतचा क्रमांक पहिला: दर अधिकाऱ्यामागे वर्षाला २४६ पावत्या, म्हणजे सुट्ट्या वगळल्या तर जवळपास रोज एक. मागोमाग इजिप्त, चाड, सुदान, बल्गेरिया. नॉर्वे, स्वीडन, जपान यांच्या नावावर एकही थकलेली पावती नाही. ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त असल्याचं मानलं जातं, त्या देशांचे अधिकारी सरासरीने जास्त पावत्या थकवत होते. मायदेशातल्या सवयी सामानाबरोबर विमानातून उतरल्या होत्या म्हणायच्या.

इथेच थांबून ‘बघा, संस्कार महत्त्वाचे’ असं म्हणण्याचा मोह होतो, आणि हे संशोधन सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. पण शून्य पावत्यांच्या यादीत कोलंबिया आणि बुर्किना फासोही आहेत, म्हणजे हा नियम काही दगडावरची रेघ नव्हे. आणि गोष्टीचा उत्तरार्ध मला जास्त बोलका वाटतो. २००२च्या ऑक्टोबरपासून शहराने ठरवलं, की तीनपेक्षा जास्त पावत्या थकल्या की गाडीची राजनैतिक नंबरप्लेट काढून घ्यायची. थकणाऱ्या पावत्या सुमारे ९८ टक्क्यांनी घटल्या. इतक्या वर्षांचे संस्कार एका स्क्रू-ड्रायव्हरपुढे गपगार!

सत्तेचा अभ्यास करणाऱ्यांची मुख्य अडचण या पावत्यांमुळे नीट कळते. पाण्याचं तापमान मोजायला थर्मामीटर आहे, पण सत्तेचा गैरवापर मोजायचा कसा? करणारा सांगणार नाही, सोसणारा घाबरणार आणि बघणारा ऐकीव माहितीवर बोलणार. ‘ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल’ ही संस्था १९९५पासून देशांची भ्रष्टाचाराची क्रमवारी लावते, तीही तज्ज्ञांना आणि उद्योजकांना काय वाटतं यावर. वाटणं आणि असणं यांत किती अंतर असतं, ते पुढे जावामधल्या रस्त्यांवर दिसेलच.

विचारायचंच असेल तर विचारण्याची एक युक्ती आहे. समजा, तुमच्या देशात राष्ट्राध्यक्षाबद्दल खरं बोलणं जिवावर बेतू शकतं. घरी आलेल्या अनोळखी माणसाने विचारलं, ‘साहेबांना तुमचा पाठिंबा आहे का?’ तर तुम्ही मुकाट्याने ‘हो’ म्हणाल. म्हणून संशोधक लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. पहिल्या गटापुढे तीन नेत्यांची नावं ठेवतात, दुसऱ्यापुढे तीच तीन आणि चौथं साहेबांचं. प्रश्न एवढाच: यांपैकी कितीजणांना तुमचा पाठिंबा आहे? कोणाला ते सांगायचं नाही, फक्त आकडा. ‘दोन’ असं उत्तर देणाऱ्याच्या मनातले दोन कोण, हे समोर बसलेल्यालाही कळत नाही. पण पहिल्या गटाची सरासरी १.१ आणि दुसऱ्याची १.९ आली, तर वरचे ०.८ चौथ्या नावाचे. म्हणजे शंभरातल्या ऐंशी जणांचा पाठिंबा. एकाचंही गुपित न फोडता सगळ्यांचं मिळून गुपित कळतं.

२०१५च्या सुरुवातीला रशियात पुतिन यांच्याबाबत हेच करून पाहिलं गेलं. थेट विचारल्यावर पाठिंबा ८५ टक्क्यांच्या वर निघत होता. हा सगळा भीतीचा फुगा असणार, अशी पुष्कळांची खात्री होती. आडून विचारल्यावर आकडा आला ८०च्या आसपास. फुग्यात हवा होती, पण थोडीच. अर्थात लोक खरं बोलले म्हणून त्यांचं मत मोकळ्या हवेत तयार झालं, असं नव्हे. घराघरांतला टीव्ही काय दाखवतो, हा प्रश्न शिल्लक राहतोच. त्याच्याकडे शेवटी येऊ.

काही वेळा विचारावंच लागत नाही, बाजारच बोलतो. इंडोनेशियावर तीन दशकं राज्य करणारे सुहार्तो नव्वदीच्या दशकात थकले होते आणि त्यांच्या तब्येतीच्या अफवा अधूनमधून उठत. १९९६च्या जुलैत ते तपासणीसाठी जर्मनीला गेले, आणि जाकार्ताच्या शेअर बाजारात त्यांच्या मुलांशी, जवळच्यांशी जोडलेल्या कंपन्यांचे भाव इतरांपेक्षा जास्त पडले. पावत्या मोजणारे फिसमन इथेही हजर. त्यांनी अशा अनेक अफवांच्या दिवसांचे भाव ताडून पाहिले. सर्वांत जवळच्या कंपन्यांच्या किमतीचा पाव भागाच्या आसपासचा वाटा निव्वळ ओळखीचा निघाला. कारखाना नाही, यंत्रं नाहीत, माल नाही; एका म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब, एवढंच त्यामागचं भांडवल.

याच इंडोनेशियात बेन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने जे केलं, त्याला मी साष्टांग नमस्कार घालतो. जावा बेटावरच्या सहाशेहून अधिक गावांत सरकारी योजनेतून छोटे रस्ते होत होते. खाली वाळू, मध्ये दगड, वर खडी. कागदावर खर्च चोख. प्रत्यक्षात किती झाला? ओल्केनने अभियंते पाठवून तयार रस्ते जागोजागी खणले आणि आतली वाळू-खडी मोजली. आसपासच्या पुरवठादारांकडून मालाचे भाव काढले, मजुरांना विचारून मजुरी काढली. तरी एक शंका उरते: थोडा माल तर वाहून जातो, दबतो, सांडतो, तो चोरीत कसा धरायचा? म्हणून त्याने स्वतः रस्त्याचे छोटे नमुने बांधून घेतले, तेही खणले आणि प्रामाणिक रस्त्यात किती घट येते ते आधी ठरवलं. एवढं करून जो फरक उरला, तो खिशात गेलेला. नेहमीसारखं काम चाललेल्या गावांत तो खर्चाच्या सुमारे २७-२८ टक्के भरला.

चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही गावांना काम सुरू होण्याआधीच कळवलं होतं, की तुमचं सरकारी ऑडिट नक्की होणार. एरवी ऑडिटची शक्यता शंभरात चार, इथे शंभरात शंभर. या गावांत गळती सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाली, म्हणजे २८वरून २०च्या आसपास आली. ऑडिट होणार हे ठाऊक असूनही एवढी खाल्लीच! दुसरीकडे, गावकऱ्यांना हिशोबाच्या सभांना जास्त संख्येने बोलावून पाहिलं. सभा भरल्या, पण गळतीत फारसा फरक पडला नाही. आणि ऑडिट होणार म्हटल्यावर पुढाऱ्यांनी नातेवाइकांना कामावर जास्त घेतलं. नळ एका बाजूने आवळला की पाणी दुसरीकडून झिरपतं.

पुढचा भाग तर फारच सूचक. ओल्केनने गावकऱ्यांनाही विचारलं होतं, रस्त्यात किती खाल्ले असं वाटतं? अंदाज अगदीच चुकीचे नव्हते, पण खरी गळती त्यांत पुसटच दिसत होती. वाळूचा भाव चढवून लावला तर गावकऱ्यांच्या लगेच लक्षात येई, कारण भाव सगळ्यांना माहीत. पण दहा ट्रक लिहून सात टाकले, तर ते मातीखाली जातं, कोण मोजणार? आणि गडबड झाली होती ती बहुतेक मापातच, भावात नाही. लोकांची नजर जिथे पोहोचत नाही तिथेच हात मारायचा, हे खाणाऱ्यांना संशोधकांच्या आधी कळलं होतं. म्हणून नुसत्या ‘वाटण्या’वर लावलेल्या क्रमवाऱ्या मी जरा हात राखूनच वाचतो.

रस्ते जमिनीखालून बोलतात, तसे नकाशावरूनही बोलतात. पावत्यांवाले मिगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनियाचे मिशेलिन कंपनीचे जुने रस्ते-नकाशे गोळा केले. टायर विकणाऱ्या कंपनीने प्रवाशांसाठी छापलेले हे नकाशे; केनियातल्या कोणाची मर्जी राखायचं त्यांना कारण नव्हतं. कुठल्या जिल्ह्यात कधी डांबर पडलं, हे एकावर एक नकाशा ठेवून वाचता येत होतं. १९६३ला स्वातंत्र्य मिळाल्यावर जोमो केन्याटा सत्तेवर आले, ते किकुयू जमातीचे. १९७८पासून डॅनिएल अराप मोई, ते कालेंजिन. एकपक्षीय राजवटीच्या काळात राष्ट्राध्यक्षाच्या जमातीच्या जिल्ह्यांना रस्त्यांसाठी दुप्पट पैसा मिळाला आणि तिथे डांबरी रस्ते झाले पाचपट. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं आणि १९९२नंतर बहुपक्षीय निवडणुका आल्यावरचा काळ, या दोन्हींत हा पक्षपात दिसत नाही. माणसं तीच, जमाती त्याच, १९९२च्या आधी आणि नंतर काही वर्षं तर राष्ट्राध्यक्षही तेच मोई. बदलले होते ते त्यांच्यावरचे लगाम.

उपग्रहांनी टिपलेला रात्रीचा उजेड वापरूनही असाच शोध घेतला गेला आहे. सव्वाशेहून अधिक देशांतला उजेड तपासला, तर नेता ज्या भागात जन्मला तो भाग त्याच्या कारकिर्दीत सरासरीने जास्त उजळतो. जिथे संस्था दुबळ्या आणि लोक कमी शिकलेले, तिथे जास्तच. हुकूमशाही देश आपला आर्थिक वाढीचा दर फुगवून सांगतात, हेही उजेडाशी ताळा करून पकडलं गेलं आहे. आकडे कचेरीत तयार करता येतात, दिवे तसे लावता येत नाहीत.

आता पेरू. तिथल्या सत्तेने स्वतःच स्वतःचा हिशोब लिहून ठेवला. १९९० ते २००० या दशकात राष्ट्राध्यक्ष होते आल्बेर्तो फुजिमोरी, पण दोऱ्या होत्या गुप्तचर खात्याचा खरा सूत्रधार व्लादिमिरो माँतेसिनोस याच्या हातात. न्यायाधीश, खासदार, वाहिन्यांचे मालक, ज्याला विकत घेतलं त्याच्याकडून तो पावती घ्यायचा. काहींशी चक्क लेखी करार. आणि कचेरीत नोटा मोजून देतानाचं छुप्या कॅमेऱ्याने चित्रीकरण. उद्या कोणी उलटलं तर हाताशी पुरावा असावा म्हणून केलेली ही दप्तरं पुढे अभ्यासकांच्या हाती लागली, आणि लोकशाहीतल्या कुठल्या अडसराची किंमत किती, याचा भावफलकच तयार झाला. मॅकमिलन आणि सोइदो या दोघांनी तो मांडला. खासदाराचा दर न्यायाधीशापेक्षा थोडा जास्त. आणि टीव्ही वाहिनीच्या मालकाचा? खासदाराच्या सुमारे शंभरपट.

एवढा फरक का? मालक आधीच गब्बर, हे एक कारण झालं. पण खरं गणित वेगळं आहे. संसदेत बहुमत पुरतं. एक खासदार अडून बसला, तर त्याच्या शेजारच्याला घ्यायचं; म्हणून कोणा एकाचा भाव फार चढत नाही. न्यायालयातही तसंच. वाहिन्यांचं मात्र उलटं. पाच गप्प बसल्या आणि सहाव्या वाहिनीने बातमी दाखवली, तर पाचांना दिलेले पैसे पाण्यात. म्हणजे प्रत्येकीला घ्यावंच लागतं, आणि हे प्रत्येकीला ठाऊक असतं. ऐकत नसेल तिच्यासाठी दुसरे मार्ग होतेच. ‘चॅनल २’ या वाहिनीचा मालक बारूख इव्चर जन्माने इस्रायली होता. त्याच्या वाहिनीने गुप्तचरांची प्रकरणं बाहेर काढली, तेव्हा १९९७ साली त्याचं पेरूचं नागरिकत्वच काढून घेतलं. वाहिनीची मालकी परदेशी माणसाकडे असू शकत नाही असा कायदा, त्यामुळे वाहिनीही हातची गेली. सगळं नियमाला धरून.

‘कनाल एन’ ही केबलवरची छोटीशी वृत्तवाहिनी मात्र माँतेसिनोसने सोडून दिली. पैसे भरून बघणारे मोजके प्रेक्षक, कशाला खर्च करा? १४ सप्टेंबर २०००च्या संध्याकाळी त्याच वाहिनीने एक चित्रफीत दाखवली. माँतेसिनोस स्वतःच्या कचेरीत, स्वतःच्याच कॅमेऱ्यासमोर, विरोधी पक्षातून निवडून आलेल्या एका खासदाराला पक्ष बदलण्यासाठी १५,००० डॉलर मोजून देत होता. दोनच दिवसांत फुजिमोरींनी नव्या निवडणुकांची घोषणा केली. नोव्हेंबरमध्ये ते जपानला गेले आणि राजीनामा फॅक्सने पाठवला.