डिजिटल फोटॉन सेन्सर : ऑर्डर देण्याआधी वाचा

"तुमच्याकडे डिजिटलवाला सेन्सर आहे का?" असे फोन आम्हाला हल्ली बरेच येतात. आहे. पण तुमच्या कामाला तो लागतो का, हे आधी पाहू, कारण तो महाग पडतो.

हा सेन्सर सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचा एक प्रकार आहे. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर म्हणजे एका चिपवर दाटीने बसवलेले शेकडो-हजारो सूक्ष्म डायोड, म्हणजे सेल. प्रत्येक सेल ब्रेकडाउन व्होल्टेजच्या, म्हणजे डायोडमधून उलट दिशेने एकदम करंट सुटतो त्या व्होल्टेजच्या, थोडा वर ठेवलेला असतो. त्यावर एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, पडला तरी इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुटतो. काचेच्या जुन्या पीएमटीला, म्हणजे फोटोमल्टिप्लायर नळीला, याच कामासाठी हजार व्होल्टच्या आसपास लागतात; इथे तीस ते साठात भागतं.

साध्या, म्हणजे ॲनालॉग सेन्सरमध्ये सगळ्या सेलचा करंट एकाच तारेवर येतो. सोसायटीला पाण्याचा एकच मीटर असावा तसं : बिल कळतं, गळती कोणाच्या घरात ते कळत नाही. डिजिटलमध्ये प्रत्येक सेलला किंवा सेलच्या छोट्या गटाला चिपवरच स्वतःचं सर्किट असतं. सेल पेटला की नाही याची नोंद तिथेच होते, वेळही चिपवरच मोजली जाते. फिलिप्सने 2009 साली असा सेन्सर लोकांपुढे आणला. हॅम्बुर्गच्या डेझी प्रयोगशाळेने पुढे 32 × 32 पिक्सेलची चिप करून कणांचा माग काढण्यासाठी तपासली.

विद्युतभार असलेला कण सिलिकॉनमधून आरपार गेला तर दर मायक्रॉनला सत्तर-ऐंशी इलेक्ट्रॉन-होल जोड्या (सुटा इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा) तयार होतात. सेल पेटायला एक जोडीही पुरू शकते. म्हणून सिंटिलेटर, म्हणजे कण गेला की चमकणारा पदार्थ, न लावताही कण कुठून गेला आणि केव्हा गेला, दोन्ही कळतं. मात्र सर्किटने व्यापलेल्या जागेतून गेलेला कण निसटतो. त्यावर उपाय म्हणून चिपवर एलवायएसओ या सिंटिलेटरचा पातळ स्फटिक चिकटवतात; त्यातला प्रकाश पसरून शेजारचे सेल पेटतात. निसटणारे कण त्यामुळे खूप कमी होतात, पण जोडकाम नाजूक आहे, ते आमच्याकडूनच करून घ्या. वेळेचं म्हणाल, तर 100 पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) प्रकाश जेमतेम 3 सेंटीमीटर जातो. तुमच्या प्रयोगाला एवढा काटेकोरपणा हवा आहे का, ते ठरवा.

आता गळतीकडे. अंधारातही सेल आपोआप पेटतात; त्याला डार्क काउंट म्हणतात. त्यातला मोठा वाटा मूठभर खराब सेलचा असतो, आणि डिजिटलमध्ये ते एकेक करून बंद करता येतात. डिजिटल घेण्याचं आमच्या मते हेच सर्वांत चांगलं कारण. प्रत्येक चिपबरोबर आम्ही 25 अंश सेल्सिअसला काढलेला सेलचा नकाशा देतो. सुरुवातीला त्यातले सर्वांत गोंगाटी दोन-चार टक्के बंद करा. हात सैल सोडू नका; जितके सेल बंद, तितका प्रकाश वाया.

तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की डार्क काउंट दुपटीच्या आसपास जातो. शनिवार-रविवार लॅबचा एसी बंद राहिला की सोमवारी सकाळचं रीडिंग वेगळं येतं ते यामुळेच. चिप थंड करणार असाल तर मुंबईचा पावसाळा लक्षात ठेवा. जुलैत 27 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल तर 24 अंशांच्या आसपासच दव धरतं. 20 अंशांवर आणलेल्या चिपवर पाणी जमणारच. चिपची डबी हवाबंद ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, निळे दाणे गुलाबी झाले की बदला.

नुसते कॉस्मिक म्युऑन, म्हणजे अंतराळातल्या किरणांमुळे वातावरणात तयार होऊन खाली येणारे भारित कण, मोजायचे असतील तर डिजिटल घेऊ नका. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरमागे मिनिटाला साधारण एक म्युऑन येतो. दोन सिंटिलेटर पट्ट्या आणि दोन ॲनालॉग सेन्सर बस्स झाले. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने मदुराईच्या म्युऑन व्हेटोसाठीही (प्रयोगात नको असलेले म्युऑन ओळखून वगळणाऱ्या यंत्रणेसाठीही) सिंटिलेटर पट्ट्या, फायबर आणि साधे सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरच निवडले आहेत.

ऑर्डर देताना तीन गोष्टी कळवा : कण की प्रकाश मोजायचा, वेळेची अचूकता किती हवी आणि लॅबचं तापमान किती ते किती फिरतं. बोर्ड हाती आला की डबीचं झाकण बंद केल्याशिवाय व्होल्टेज देऊ नका. ट्यूबलाइटच्या उजेडात सगळे सेल एकदम पेटतात आणि चिप तापते.