ओलाव्याने जागी होणारी गोळी

मामाच्या घरी स्वयंपाकघरामागच्या खोलीत गव्हाची दोन पत्र्याची पिंपं असायची. उन्हाळ्यात गहू वाळवून भरला की कीड लागू नये म्हणून मामी फडक्याच्या पुरचुंडीत एक राखाडी गोळी बांधून गव्हात खुपसायची आणि झाकणाची कड मातीने लिंपून टाकायची. दिवाळीला पिंप उघडलं की पुरचुंडीत गोळी नसायची, चिमूटभर करडी भुकटी असायची. “विरघळली बघ,” मामी म्हणायची. ती विरघळली नव्हती, तिचा वायू झाला होता. त्याच खोलीत आम्ही पोरं सतरंज्या टाकून झोपायचो, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

ही गोळी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडची. उत्तर भारतात तिला सरसकट सल्फास म्हणतात, इराणात ‘तांदळाची गोळी’. कोरडी असेपर्यंत ती निवांत पडून असते. हवेतला दमटपणा लागला की तिच्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटू लागतो आणि मागे उरते अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साईडची भुकटी, म्हणजे मामीच्या पुरचुंडीतली तीच. फॉस्फीन चटकन पेट घेतो, म्हणून उत्पादक गोळीत अमोनियम कार्बामेट घालतात. त्यातून निघणारा अमोनिया आग टाळतो आणि नाकाला झोंबून माणसाला सावधही करतो. शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. गोळीतून येणाऱ्या वायूला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, तो त्यातल्या अशुद्ध घटकांमुळे. पण नाकाच्या भरवशावर राहू नये. कामाच्या ठिकाणी हवेच्या दहा लाख भागांत 0.3 भाग ही अमेरिकेतली कमाल मर्यादा आहे, आणि वास जाणवण्याआधीच ती ओलांडलेली असू शकते.

पाण्याशी या गोळीचं काय नातं आहे, ते टेक्सासमधल्या अमारिलो शहरात 2 जानेवारी 2017 रोजी दिसलं. घराखाली टाकलेल्या गोळ्या धुऊन काढायला कुणीतरी पाणी मारलं. वायू वर घरात शिरला आणि एकाच कुटुंबातली चार मुलं गेली. आपल्याकडे काहीही सांडलं की पहिला हात पाण्याच्या बादलीकडे जातो. इथे नेमकं तेच करायचं नसतं.

फॉस्फीन शरीरात करतो काय? पेशीतल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात. ऊर्जा तयार करण्याच्या त्या साखळीतलं शेवटचं विकर, म्हणजे एन्झाइम, फॉस्फीन अडवतो. रक्तात ऑक्सिजन असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. ताट वाढलेलं आहे आणि तोंड शिवलेलं, असा प्रकार. शिवाय पेशीची आतून नासधूस करणारे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात. सोंडे आणि पोरकिडे याच मार्गाने मरतात, वायूला किडा आणि माणूस सारखेच.

सर्वांत मोठा तडाखा बसतो तो हृदयाला, कारण ते क्षणभरही विसावा घेत नाही. रक्तदाब इतका पडतो की औषधांनीही चढता चढत नाही, ठोके बिघडतात, रक्त आम्लधर्मी होतं. सुरुवातीची लक्षणं मात्र फसवी असतात: मळमळ, उलटी, डोकेदुखी, छातीत दडपण. घरातल्या दोघाचौघांना एकदमच असं व्हायला लागलं, तर जेवणाला दोष देण्याआधी धान्याच्या खोलीत किंवा ढेकणांसाठी कुणी काय ठेवलंय ते आठवावं.

निदानाची एक जुनी, साधी युक्ती आहे. सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजवलेला कागद रुग्णाच्या श्वासापुढे धरला आणि तो काळा पडला, तर फॉस्फीनचा संशय बळावतो.

या विषावर उतारा नाही. 1980च्या दशकात चंदीगड, रोहतककडच्या डॉक्टरांपुढे असे रुग्ण येऊ लागले, तेव्हापासून शोध चालू आहे. मॅग्नेशियम सल्फेटवर आजही एकमत नाही. पोटॅशियम परमँगनेटने पोट धुण्याचा जुना रिवाज, खोबरेल तेल, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन यांचंही तसंच. माझ्या मते यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हे हृदय बऱ्याचदा मेलेलं नसतं, बधिर झालेलं असतं. रुग्ण पहिले काही दिवस तगला, तर ते पुन्हा नीट चालू लागू शकतं. म्हणून सलाईन, रक्तदाब धरून ठेवणारी औषधं, व्हेंटिलेटर, आम्लता कमी करणं हा सगळा खटाटोप वेळ मिळवण्यासाठी.

वेळ मिळवायचं सर्वांत मोठं यंत्र म्हणजे एक्मो. ते रक्त शरीराबाहेर काढतं, त्यात ऑक्सिजन मिसळतं आणि परत आत ढकलतं, म्हणजे हृदयाचं काम तात्पुरतं आपल्या अंगावर घेतं. जेरुसलेममध्ये जानेवारी 2014 मध्ये एका घरात कीडनाशकाच्या फॉस्फीनने दोन चिमुकल्या बहिणी गेल्या. त्यांचे दोन भाऊ अत्यवस्थ होते. त्यांना एक्मोवर ठेवलं आणि ते वाचले. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनीही गंभीर रुग्णांसाठी एक्मो वापरून उत्साहवर्धक निष्कर्ष मांडले आहेत.

कायद्याने ही गोळी घरगुती वापराची नाहीच. धुरीचं, म्हणजे वायूने कीड मारण्याचं, काम सरकारी यंत्रणा किंवा परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करायचं असतं. गोदामात थप्प्या ताडपत्रीने झाकतात, दिवसचे दिवस तिथे कुणी फिरकत नाही, नंतर हवा मोजतात. झोपायच्या खोलीतल्या पिंपात यातलं काय असतं?

यात अपघातांपेक्षा स्वतःहून विष घेतलेले रुग्ण अधिक असतात, हेही लपवून चालणार नाही. अनेकदा तो एका तिरमिरीतला निर्णय असतो आणि गोळी हाताशी असते, एवढंच. घरात कुणी असं खचलेलं असेल तर टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करता येतो, रात्रीबेरात्रीही.

विषबाधेचा नुसता संशय आला तरी सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावं, गोळ्यांवर पाणी टाकू नये, उलटी काढायच्या भानगडीत न पडता थेट दवाखाना गाठावा आणि डबीचा फोटो सोबत न्यावा. बरं वाटतंय म्हणून मागे फिरू नये. एक्मो मोजक्याच शहरांत आहे. पण ऑक्सिजन, सलाईन आणि ईसीजी जवळच्या रुग्णालयातही असतात, आणि पुढच्या मोठ्या दवाखान्यापर्यंतची वाट त्यांच्याच जोरावर काढायची असते.