हॉस्पिसमधल्या स्वयंसेवकाची साधना : पार्श्वभूमी

हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणाऱ्या केंद्रात, अध्यात्माला जागा मिळाली ती रुग्णासाठी. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९४८ साली वारलेल्या डेव्हिड तास्मा या रुग्णाने त्यांच्या कामासाठी ५०० पौंड मागे ठेवले, आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले. मरणाऱ्या माणसाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चौपदरी असते, हे सॉन्डर्स यांचे सूत्र. त्या स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होत्या, पण हॉस्पिस सर्व धर्मांच्या आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्यांनाही खुले होते.

उशाशी तासन्‌तास बसणाऱ्या स्वयंसेवकाच्या मनाचे काय, हा प्रश्न साधनेच्या अंगाने ठळकपणे पुढे आला तो अमेरिकेत. १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बौद्ध साधकांनी झेन हॉस्पिस प्रोजेक्ट सुरू केला आणि ध्यान हा सेवेच्या तयारीचाच भाग मानला. पुढे झेन बौद्ध गुरू जोन हॅलिफॅक्स यांनी आरोग्यसेवकांसाठी ‘ग्रेस’ ही पाच टप्प्यांची पद्धत बांधली. ती खोलीच्या दाराशीच सुरू करता येते. हात धुताना तळपाय जमिनीला टेकलेले जाणवू द्यायचे, एक श्वास सावकाश सोडायचा, म्हणजे लक्ष एकवटते. आपण इथे कशासाठी आलो ते आठवायचे. आधी आपल्या अंगातला ताण ओळखायचा, मग रुग्णाकडे पाहायचे. आता नेमकी कशाची गरज आहे (ओठ ओले करण्याची, की नुसते बसण्याची) ते ठरवायचे. मग ते करायचे आणि भेट मनातही संपवायची.

गाडी बहुधा या शेवटच्या टप्प्यावर अडते. पहिल्या खाटेवरचे दुःख दुसऱ्या खाटेपर्यंत आणि तिथून घरी जाते. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांच्या प्रयोगांतून यामागचे एक कारण दिसले: दुसऱ्याचे दुःख नुसते आपल्यात ओढून घेण्याच्या सरावाने त्रास वाढला, तर करुणेच्या सरावाने सकारात्मक भावना वाढल्या. त्यामुळे ‘भावनेत वाहून जाऊ नका’ एवढे बजावून भागत नाही. रुग्णाचे भले चिंतण्याचा रोजचा सराव लागतो.

भारतातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला उभे राहिले. कोझिकोडेत १९९३ मध्ये पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी (गंभीर आजारातल्या वेदना हलक्या करणारी संस्था) स्थापन झाली आणि त्या कामातून केरळात घरोघर जाणाऱ्या स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले.

आपल्याकडे साधना शिकवावी लागत नाही. नामस्मरण, नमाज, जपमाळ, विपश्यना, जो तो आपले घरूनच घेऊन येतो. सांभाळावे लागते ते वेगळेच. रुग्णाने मागितल्याशिवाय हरिपाठ लावू नये, ‘देवाची इच्छा’ म्हणून त्याचा राग दडपू नये. आणि जपाने मन शांत वाटते म्हणून स्वयंसेवकाने स्वतःचे रडूही टाळू नये. झोप उडणे, एखाद्या रुग्णाकडे जाणे नकोसे होणे, ही लक्षणे दिसली तर समन्वयकाला लगेच सांगावे आणि काही आठवडे खाटेजवळचे काम थांबवावे.